ड्रायसूट गळत नाही, अंडरसूट जाड आहे, तरी पंचवीस मिनिटांत हुडहुडी भरते: नक्की कुठे बघायचं

ग्रँड आयलंडला डायव्हिंगचे दोन-तीन सीझन काढून मग पहिल्यांदा ड्रायसूट, म्हणजे अंग कोरडं ठेवणारा बंद सूट, घालायला आइसलँड नाहीतर नॉर्वेला जाणारी आपली गोव्यातली मुलं परत आली की मला एकच गोष्ट विचारतात, आणि दर वर्षी विचारतात. ताई, सूट कुठेही गळत नाही, मनगटाचे-गळ्याचे सील नवीन आहेत, आत घालायचा अंडरसूट चांगला चौरस मीटरला चारशे ग्रॅमचा घेतलाय, तरी वीस-पंचवीस मिनिटं झाली की आधी पाठ गार पडते, मग मांड्या, मग हुडहुडीच भरते, आणि वर येऊन झिप उघडली की आत सगळं ओलसर. मग पुढच्या ट्रिपला अजून जाड अंडरसूट घेतात, अजून पैसे घालतात, आणि परत तेच होतं.

मी वास्कोची. ऑक्टोबर ते मे इथे डायव्हिंग, आणि आपला पावसाळा म्हणजे तिकडचा उन्हाळा, तेव्हा गेली काही वर्षं त्या चार महिन्यांत मी थंड पाण्यात जाते. एवढ्या वर्षांत जाडी कमी पडली म्हणून कोणी गारठलं असं मी फार थोड्या वेळा बघितलंय. बाकी सगळ्या वेळी अंडरसूट एकतर ओला होता किंवा दडपून चपटा झालेला होता, आणि ह्या दोन्हीची सुरुवात बऱ्याचदा इथे गोव्यात घरी, कपाटात आणि बाल्कनीत झालेली असते. म्हणून नवीन घेण्याआधी हे सगळं वाचा.

आधी ऊब येते कुठून ते डोक्यात पक्कं पाहिजे. ट्रायलॅमिनेटचा, म्हणजे तीन थर चिकटवलेल्या पातळ कापडाचा सूट रेनकोटासारखा समजा, तो पाणी अडवतो, ऊब देत नाही. निओप्रीनचा सूट थोडी देतो पण खोल गेलं की तोही दबतो. खरी ऊब अंडरसूटच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेची. आपल्याकडे गादी दडपली की पिंजाऱ्याकडे देऊन कापूस पिंजून घ्यायचे ते का, तर कापूस तेवढाच असला तरी त्यातली हवा गेलेली असते. अंडरसूटचं तेच. आणि पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं, त्यामुळे हवेच्या जागी घाम जाऊन बसला की चारशे ग्रॅम काय आणि सहाशे काय.

आता तपासायला कुठून लागायचं. डाइव्ह झाली, झिप उघडली की लगेच सगळं काढून फेकू नका, पाच मिनिटं घ्या आणि ओल नक्की कुठे आहे ते हातानं चाचपून बघा. ओल एकाच जागी असली, म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत, किंवा गळ्याखाली छातीवर, किंवा एका पावलाला, तर ते बाहेरचं पाणी, गळती आहे. डाव्या दंडावर ओल असली तर डम्प व्हॉल्व, म्हणजे सूटमधली हवा बाहेर सोडायचा व्हॉल्व बघा, त्यात बऱ्याचदा फ्लीसचं लव अडकलेलं असतं आणि व्हॉल्व नीट बसत नाही. पण ओल पाठीवर, काखेत, कमरेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला अशी पसरलेली, दोन्ही बाजूंना सारखी असेल तर तो घाम आहे, सूटचा काही दोष नाही. आइसलँडमधल्या सिल्फ्राच्या भेगेत तर अजून सोपी टेस्ट आहे. तिथलं पाणी लांगयोकुल ग्लेशियरचं, लाव्हाच्या दगडातून वर्षानुवर्षं गाळून आलेलं, पिण्यासारखं गोडं. ओल्या जागेला बोट लावून जिभेला लावा, खारट लागलं तर तुमचाच घाम. समुद्रात ही टेस्ट चालत नाही हे उघड आहे, तिथे जागेवरूनच ठरवायचं.

गळतीचा संशय असेल तर घरी तपासता येतं. मनगटाच्या सीलमध्ये पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घाला, गळ्याच्या सीलमध्ये मुलांचा प्लास्टिकचा बॉल, झिप लावा, सूटमध्ये हवा भरायच्या इन्फ्लेटरनं सूट फुगवा आणि स्पंजनं साबणाचं पाणी फिरवा, बुडबुडे येतील तिथे भोक.

एक गळती मात्र अशी आहे की ह्या टेस्टमध्ये कधीच सापडत नाही, कारण ती सूटमध्ये नसतेच. बेस लेअरची, म्हणजे अंगालगतच्या सगळ्यात आतल्या थराची बाही किंवा कॉलर सीलच्या खाली अर्धा सेंटिमीटर जरी अडकली तरी कापड वातीसारखं पाणी आत ओढतं, समईतली वात तेल ओढते तसं, हळूहळू आणि सतत. पंधरा मिनिटांत पूर्ण बाही ओली. आमच्या फोंड्याच्या एका मित्रानं ह्याच कारणानं दोनदा सील बदलून घेतले, तिसऱ्यांदा मी त्याला कपडे घालताना बघितलं तेव्हा कळलं की तो अंडरसूटचे अंगठ्याचे लूप अंगठ्यात तसेच ठेवून वरून सील ओढत होता. ते लूप बाही वर सरकू नये म्हणून असतात. ड्राय ग्लोव्ह घालणारे लोक ते मुद्दाम सीलखालून नेतात, म्हणजे ग्लोव्हमध्ये पण हवा जाते. ओले ग्लोव्ह, म्हणजे आत पाणी येऊ देणारे, घालणार असाल तर हात बाहेर आला की लूप काढा, कापड सीलच्या मागे ढकला, आणि गळ्याला आरशात बघा नाहीतर बडीला, म्हणजे डाइव्हच्या जोडीदाराला बघायला सांगा, केसांची एक बट सुद्धा पुरते.

आता घामाकडे येते, कारण दहातल्या सात-आठ जणांचा प्रॉब्लेम हा असतो असं माझं मत आहे. पहिला प्रश्न मी विचारते तो हा की सगळ्यात आत काय घातलं होतं. आणि उत्तर येतं, ताई, बनियन. किंवा टीशर्ट. कॉटन. आपल्याला लहानपणापासून सवय आहे, सुती कपडा अंगाला चांगला, घाम शोषतो, आणि गोव्याच्या उकाड्यात ते बरोबरच आहे. पण कॉटन घाम शोषून धरून ठेवतं आणि ते ओलं कापड अंगाला चिकटून राहतं, म्हणजे महागड्या अंडरसूटच्या आत तुम्ही ओला टॉवेल गुंडाळून चार अंशाच्या पाण्यात उतरलात. आतली चड्डी, मोजे, बायकांनी ब्रा, सगळं सिंथेटिक किंवा लोकरीचं पाहिजे. बेस लेअर पातळ आणि अंगाला बसलेला, मेरिनो नाहीतर पॉलिप्रॉपिलीन नाहीतर पॉलिएस्टर. मेरिनो ओलसर झाला तरी ऊब धरतो आणि वास कमी मारतो, पॉलिप्रॉपिलीन पाणी अजिबात पीत नाही पण दोन दिवसांत वास मारायला लागतो आणि गरम पाण्यात आकसतो, इस्त्री लागली की वितळतो. मला स्वतःला मेरिनो आवडतो.

दुसरा प्रश्न, अंडरसूट किती वाजता घातला आणि पाण्यात किती वाजता उतरलात. सिल्फ्राला पार्किंगमध्ये कपडे घालायचे, ब्रीफिंग ऐकायचं, मग पाठीवर सिलिंडर घेऊन पाण्याच्या जिन्यापर्यंत चालायचं. थंडीच्या भीतीनं मुलं हॉटेलवरच सगळे थर चढवून गाडीत बसतात, गाडीत हीटर चालू, वर उत्साह, पार्किंगला पोचेपर्यंत पाठ भिजलेली. बाहेरच्या गार हवेत ते कळत पण नाही. हॉटेलवरून फक्त बेस लेअर आणि वर साधं जॅकेट घालून निघा, अंडरसूट पिशवीत ठेवा, सूटची झिप शेवटच्या क्षणी लावा, आणि चालताना जरा गार वाटलं तर वाटू द्या. चढावर किंवा जिन्यावर घाई करू नका. दोन डाइव्ह असतील तर बेस लेअरचा दुसरा सेट घेऊन जा आणि मध्ये बदला, एवढ्या एका गोष्टीनं दुसरी डाइव्ह कितीतरी चांगली जाते.

चपटं होण्याचं कारण वेगळं आहे आणि ते वेटमध्ये, म्हणजे खाली जायला कमरेला लावायच्या वजनांत आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. इथे तीन मिलिमीटरच्या वेटसूटवर चार-पाच किलोत काम भागतं, त्या हिशोबानं तिकडे गेलेला माणूस जाड अंडरसूटमध्ये कमीच वेट घेतो, त्याला दहा-बारा किलो लागलं तरी नवल नाही. वेट कमी पडलं की खाली राहण्यासाठी तो सूटमधली सगळी हवा सोडून देतो, हवा गेली की पाण्याचा दाब सूटला अंगावर दाबतो, अंडरसूट पापडासारखा होतो, आणि ऊब गेली. वर येऊन सांगतो की अंडरसूट पातळ पडला, मग अजून जाड घेतो, तो अजून तरंगवतो, त्याला अजून वेट पाहिजे, ते घेत नाही, आणि चक्र चालू राहतं. दहा मीटरवर सूटमधली हवा निम्मी होते, तेव्हा उतरताना थोडी थोडी हवा सोडत राहा सूटमध्ये, सूट चिमटे काढायला लागेपर्यंत थांबू नका. पहिल्या डाइव्हला संपत आलेल्या सिलिंडरवर, उथळ पाण्यात, अंडरसूट थोडा फुगलेला असताना स्थिर राहता येतंय का बघा आणि त्याप्रमाणे वेट ठरवा. गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा थोडं कमी लागतं, सगळ्या सामानासकट एकूण शंभर किलोचा डायव्हर असेल तर साधारण अडीच किलोचा फरक. आणि हे सगळं पहिल्यांदा करताना ड्रायसूटचा कोर्स केलेला, बरोबर इन्स्ट्रक्टर असलेला पाहिजे, सूटमधली हवा पायात गेली की उलटं होऊन वर फेकले जाण्याचा धोका खरा आहे.

आता घरची गोष्ट. धुण्यात अंडरसूट मरतो. माझा पहिला अंडरसूट आईनं प्रेमानं सॉफ्टनरमध्ये भिजवून ठेवला, वास येत होता म्हणून, तिला काय माहीत, मीच सांगायला पाहिजे होतं. सॉफ्टनर धाग्यावर एक मेणचट थर सोडतो, त्यामुळे घाम पसरून बाहेरच्या थराकडे जायचा बंद होतो आणि अंगालगतच साचतो. पॉलिएस्टरच्या बेस लेअरवर आतल्या बाजूनं पाण्याचा एक थेंब टाकून बघा, तो पटकन पसरला पाहिजे, मोत्यासारखा उभा राहिला तर थर बसलाय. तसं असेल तर लिक्विड डिटर्जंट अगदी थोडं घालून दोन-तीनदा धुवा, दर वेळी एक जास्तीचं पाणी काढा, बहुतेक सुटतं. अंडरसूटच्या बाहेरच्या कापडावर मात्र थेंब उभाच राहायला पाहिजे, तिथे गोंधळू नका.

लोकरीच्या बेस लेअरला आपली रोजची कपडे धुवायची पावडर नको, त्यातली एन्झाइम्स लोकरीचं प्रोटीन खातात, कापड विरविरीत होतं. गरम कपड्यांसाठीचं लिक्विड मिळतं, ईझी वगैरे, ते चालतं. पाणी तीस अंशाच्या वर नको, ब्लीच नको, पिळायचं नाही, नुसतं दाबून पाणी काढायचं आणि टॉवेलात गुंडाळून परत दाबायचं. फ्लीस उलटं करून धुवा म्हणजे लव कमी सुटतं, आणि धुतल्यावर डम्प व्हॉल्वच्या जागी आतून हात फिरवून बघा. आणि अंडरसूट दर डाइव्हला धुवायचा नसतोच, बेस लेअर रोज धुवा, अंडरसूट नुसता वाऱ्यावर टाका. जेवढं धुणं कमी तेवढा त्याचा फुगीरपणा जास्त टिकतो.

आणि आता आपला पावसाळा. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण तिकडची माहिती देणारे हे कधीच सांगत नाहीत, त्यांच्याकडे हा प्रश्नच नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे चामड्याच्या चपलेवर, कॅमेऱ्याच्या लेन्सवर, लाकडी दारावर बुरशी येते, तर फुगलेल्या, हवा धरणाऱ्या कपड्याचं काय होणार. जे लोक मे महिन्यात थंड पाण्यातून आले आणि अंडरसूट बॅगेत तसाच ठेवला त्यांना चवथीच्या आधी घर साफ करताना तो कुबट, काळे ठिपके पडलेला सापडतो. बाहेरून ठिपके असतील तर पाऊस उघडल्यावर उन्हात टाका, कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून भिजवा आणि मग धुवा. ठिपके आतल्या भरणात गेले असतील, म्हणजे धुऊन वाळल्यावरही तोच वास येत असेल, तर तो अंडरसूट टाकून द्या, तसला कपडा बंद सूटमध्ये अंगाला लावून तासभर बसणं कातडीला आणि श्वासाला दोन्हीला वाईट.

होऊ नये म्हणून मी काय करते ते सांगते. वाळवताना जाड रुंद हँगर, पायाच्या आणि काखेच्या बाजूनं झिप उघडी, आतली बाजू बाहेर, आणि टेबल फॅन सरळ समोर. पावसाच्या दिवसात एसीच्या खोलीत ड्राय मोड लावून रात्रभर ठेवते. वाळला का हे हाताला कळत नाही, गार आणि ओलं सारखंच लागतं, म्हणून काख, मांड्यांचा जोड आणि घोट्याची पट्टी गालाला लावून बघते. तिथे जरासं जरी गार लागलं तर अजून एक रात्र. मग कपाट. आपल्या घरांत जुने लोक कपाटात छोटा पिवळा बल्ब लावून ठेवायचे, तो खरंच उपयोगी होता कारण तो गरम व्हायचा, आताचा एलईडी लावून काही होत नाही. मी ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवते, त्यात पाणी साठतं ते दर दोन आठवड्यांनी ओतते. डबा आडवा होऊन ते पाणी कपड्यावर सांडलं तर तो डाग वाळतच नाही, हवेतलं पाणी ओढतच राहतो, धुवावाच लागतो, म्हणून डबा नेहमी खालच्या फळीवर, कपडा वर. लोकरीला कसर लागते म्हणून मेरिनो धुऊन, पूर्ण वाळवून झिपच्या प्लास्टिक पिशवीत, आणि पिशवीत सिलिका जेल. ओलसर ठेवला तर तीच पिशवी बुरशीचं घर होते.

अंडरसूट मात्र पिशवीत दाबून ठेवायचा नाही. हवा काढून चपट्या करायच्या व्हॅक्यूम बॅग मिळतात त्या फक्त विमानप्रवासापुरत्या, पोचल्या पोचल्या काढून झटकून लटकवा. चार महिने दाबून ठेवलेला थिन्सुलेट, म्हणजे अंडरसूटमधलं सिंथेटिक भरण, परत पूर्ण फुगत नाही. माझी एक साधी पद्धत आहे, नवीन घेतला त्या दिवशी बाही चार पदरी दुमडून पट्टीनं उंची मोजून लिहून ठेवते, आणि दर वर्षी निघायच्या आधी परत मोजते, गुडघा आणि बूड ह्या जागा पण, कारण तिथे आधी दबतो. निम्म्यावर आला असेल तेव्हाच मी नवीन घ्यायचा विचार करते.

नवीन घ्यायचाच असेल तर ढोबळ मानानं, दहा ते पंधरा अंशाला पातळ बेस लेअर आणि दोनशे ग्रॅमचं काहीतरी, त्याखाली गेलं की चारशेकडे, आणि सिल्फ्रासारख्या दोन ते चार अंशाला चारशेवर एक बिनबाह्यांचा व्हेस्ट. माणसामाणसात फरक पडतो, बारीक अंगाच्या आणि पटकन गारठणाऱ्यांनी एक पायरी वर. पण ग्रॅमपेक्षा माप बघा. सगळे थर आणि वरून सूट घालून पूर्ण खाली बसता आलं पाहिजे, दोन्ही हात उलट्या खांद्यांवर पोचले पाहिजेत, मागचा सिलिंडरचा व्हॉल्व हाताला लागला पाहिजे. हे जमत नसेल तर सूट आतला थर दाबतोय. मोज्यांचं तसंच, तीन जोड घालून बूट घट्ट झाला की पायाचं रक्त अडतं आणि बोटं लवकर बधिर होतात, एक पातळ आणि एक जाड लोकरीचा पुरे, बूट त्या मापानं मोठा घ्या.

इथल्या स्विमिंग पुलात ड्रायसूटची प्रॅक्टिस करणाऱ्यांना एक कळकळीनं सांगते, पूर्ण अंडरसूट घालून करू नका. बत्तीस अंश हवा, वर दमटपणा, बंद सूट, त्यात उष्माघात होऊ शकतो, आणि चक्कर आलेला माणूस ड्रायसूटमधून बाहेर काढायला वेळ लागतो. पुलात पातळ बेस लेअर पुरे, भरपूर पाणी प्या, सूट बाहेरून ओला करत राहा. जाड अंडरसूटचं वेट तिकडेच ठरवावं लागतं.

बॅटरीवर गरम होणाऱ्या हीटेड व्हेस्टबद्दल पण विचारतात. चांगली गोष्ट आहे, पण सुरुवातीपासून फुल लावून ठेवू नका. अमेरिकन नेव्हीच्या प्रायोगिक डायव्हिंग युनिटच्या २००७ च्या अहवालात हेच आलंय की तळाशी ऊबदार आणि वर येताना गार पडलेल्या डायव्हरला बेंड्सचा, म्हणजे वर येताना अंगात गॅसचे बुडबुडे होण्याच्या आजाराचा धोका जास्त. बॅटरी शेवटासाठी राखून ठेवा. आणि बॅटरी चेक-इन बॅगेत नको, केबिनमध्ये, शंभर वॉट-अवरच्या वर असेल तर एअरलाइनची परवानगी लागते. हवेऐवजी सूटमध्ये भरायच्या आर्गॉन गॅसच्या मागे सुरुवातीला लागू नका, अंडरसूट ओला असेल तर कुठलाही गॅस काही करू शकत नाही.

आमच्या घराच्या वरच हेडलँड सडावर ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, आणि भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१ च्या डिसेंबरात ह्याच मुरगावातून निघाली होती. गोव्यातून बर्फाकडे लोक कधीचे जातायत, आपली मुलं पण जाऊ देत, नीट तयारीनं.

एवढं सगळं करूनही थंडी वाजली तर कुडकुडायला लागल्यावर डाइव्ह संपवा, हात बधिर होईपर्यंत थांबू नका, झिप आणि व्हॉल्व बोटांनीच चालवायचे असतात. आणि मला विचाराल तेव्हा एवढं नक्की कळवा: पाणी किती अंश होतं, किती मिनिटांनी आणि आधी कुठे गार वाटलं, ओल कुठे होती, वेट किती होतं, सगळ्यात आत काय घातलं होतं, आणि गेल्या पावसाळ्यात अंडरसूट कुठे ठेवला होता.